बीटा-अ‍ॅक्टिनचा बँडच जाड येतोय! इजा झालेल्या अवयवात पेशीचा सांगाडाच बदलतो का?

निळी_शाई

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते पण आता पाणी डोक्यावरून जायला लागलं म्हणून धागा काढतेय. उंदरांच्या लिव्हरवर काम चालू आहे, एका गटाला साधं खाणं आणि दुसऱ्याला डीडीसी नावाचं रसायन घातलेलं खाणं, म्हणजे लिव्हरला हळूहळू इजा होते. मला बघायचंय की केरॅटिन ८, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातलं एक प्रोटीन, किती वाढतं. वेस्टर्न ब्लॉट करते, म्हणजे प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने एकेकाचा पट्टा (बँड) बघायचा, आणि प्रत्येक रांगेत (लेनमध्ये) माल सारखाच पडलाय ना हे तपासायला लोडिंग कंट्रोल म्हणून सांगाड्यातलंच अ‍ॅक्टिन लावते, जसं सगळेच लावतात. आणि दर वेळी इजावाल्या लेनमध्ये अ‍ॅक्टिनचाच बँड जाड येतो. प्रोटीन मोजून, अगदी थेंबाथेंबाचा हिशोब ठेवून लोड केलंय, एकदा नाही चार वेळा. सरांचं म्हणणं एकच, "हात नीट बसला नाही अजून तुझा". असेलही बाबा, पण हात चुकतो तर कधी इकडे कधी तिकडे चुकेल ना, चारही वेळा इजावाल्याच लेनमध्ये कसा चुकेल?

तर प्रश्न दोन. एक, ज्या फूटपट्टीने मोजतोय तीच ताणली जाते असं होऊ शकतं का? आणि दोन, केरॅटिन वाढलं म्हणजे पेशी मरायला टेकली म्हणायचं की जगायची धडपड करतेय म्हणायचं? पेपर वाचावेत तर अर्धे हे म्हणतात अर्धे ते.

काचपट्टी

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे कोणीतरी माझ्यापेक्षा बरं देईल, मी आपली स्लाइड बघणारी बाई, दुसऱ्यावर लिहिते.

प्रौढ लिव्हरच्या मुख्य पेशीत, हिपॅटोसाइटमध्ये, केरॅटिनच्या दोनच जाती असतात, ८ आणि १८. पित्तनलिकांच्या पेशींत त्याशिवाय ७ आणि १९ पण असतात. ८ आणि १८ ही जोडीनेच धागा विणतात, एकास एक, एकट्याने कोणालाच विणता येत नाही आणि जे जास्तीचं उरतं ते पेशी मोडून टाकते. इजा झाली की दोघांचंही उत्पादन वाढतं. इथपर्यंत हे संरक्षणच आहे, कारण ज्या उंदरांत केरॅटिन ८ चा जीनच काढून टाकलाय त्यांचं लिव्हर जरा धक्का लागला तरी ढासळतं, निरोगी उंदीर पचवेल असा विषाचा डोसही त्यांना झेपत नाही.

गडबड होते ती जोडीचं प्रमाण बिघडल्यावर. ८ जास्त झालं आणि १८ कमी पडलं की जादाचं केरॅटिन ८ गुंडाळी होऊन बसतं, त्याला युबिक्विटिन आणि पी६२ (मोडीत काढायच्या मालावर बसणारी प्रोटीन) चिकटतात आणि मायक्रोस्कोपखाली गुलाबी, वेड्यावाकड्या दोरखंडासारखे गोळे दिसतात. हेच मॅलरी-डेंक बॉडीज. मॅलरीने १९११ मध्ये दारूमुळे खराब झालेल्या लिव्हरमध्ये हे वर्णन केले, नंतर डेंक आणि मंडळींनी ग्रिसिओफुल्विन, म्हणजे चक्क बुरशीवरचं औषध, उंदरांना चारून ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. तुझं डीडीसी त्याच वाटेवरचं. ज्या उंदरात केरॅटिन ८ नाहीच त्याला हे गोळे होतच नाहीत, आणि ज्याला १८ नाही त्याला म्हातारपणी काही न चारताही होतात. म्हणजे मुद्दा "किती वाढलं" हा नसून "कोण कोणापेक्षा वाढलं" हा आहे.

अजून एक, जे ब्लॉटवर कधीच दिसणार नाही. फुगलेल्या पेशी असतात ना, बलून झालेल्या, त्यांना केरॅटिन ८/१८ चा रंग दिला तर त्या आतून रिकाम्या दिसतात, जाळं गेलेलंच असतं, फार तर कोपऱ्यात एक गोळा. आणि शेजारची पेशी मात्र नेहमीपेक्षा गडद. एकाच स्लाइडवर एकीत गायब आणि दुसरीत दुप्पट. तू लिव्हर मिक्सरमधून काढून सरासरी मोजतेस, तिथे या दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून म्हणते, एखादा तुकडा स्लाइडसाठी पण ठेवत जा.

तिरपागडे

धागा वाचून मी हादरलोय. म्हणजे आमच्या साहेबांनी मला जो स्ट्रेस दिलाय त्याने माझं केरॅटिन वाढलं असणार. नखं तरी बळकट होतील का ओ?

काचपट्टी

@तिरपागडे, नखांचं केरॅटिन वेगळ्या घराण्यातलं, तिथे साहेबांचा उपयोग नाही :D  इथे स्ट्रेस म्हणजे पेशीवरचा ताण, उष्णता, ऑक्सिजनची टंचाई, विष, खेच, दाब. पण तुमचा प्रश्न वाटतो तेवढा खुळा नाही. मेंदूतल्या तारकापेशी, अ‍ॅस्ट्रोसाइट, त्यांच्या सांगाड्यात जीएफएपी नावाचं प्रोटीन असतं. उंदरांना दीर्घकाळ मानसिक ताणाखाली ठेवलं तर काही भागांत ते कमी झालेलं सापडलंय, काही प्रयोगांत उलटही आलंय. डोक्याला मार बसला तर मात्र वाढतंच.

तिरपागडे

म्हणजे साहेबांपेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं. बरं चालू द्या, मी गप्प बसतो. (बसणार नाही.)

रात्रपाळी

निळी_शाई, तुमचा हात नीटच बसलाय. फूटपट्टी ताणली जाते. आणि का ताणली जाते ते ऐका, कारण ही माझी आवडती गोष्ट आहे आणि ती सांगायची संधी मला कोणी देत नाही.

अ‍ॅक्टिन पेशीत दोन रूपांत असतं, सुटे मणी आणि ओवलेली माळ. एमआरटीएफ नावाचं एक प्रोटीन आहे, ते सुट्या मण्यांना चिकटून बाहेर सायटोप्लाझममध्ये अडकून पडलेलं असतं. आता अवयवाला इजा झाली, आजूबाजूची ऊती कडक झाली, पेशीवर खेच आली, की पेशी भराभर माळा ओवायला घेते. मणी संपत आले की एमआरटीएफला धरून ठेवायला कोणी उरत नाही, ते सुटतं आणि केंद्रकात जाऊन एसआरएफ या जोडीदाराबरोबर जीन चालू करतं. कोणते जीन? अ‍ॅक्टिनचेच की! शिवाय त्याच्या जवळचे नातेवाईक. थोडक्यात कोठीतला माल संपला की निरोप आपोआप मुदपाकखान्यात पोचतो, कोणी मोजदाद करायला लागत नाही. एवढं सुंदर आणि एवढं आळशी डिझाइन मी दुसरं बघितलं नाही.

आता लिव्हरमध्ये हे सगळ्यात जोरात कुठे होतं, तर तुमच्या हिपॅटोसाइटमध्ये नाही, शेजारच्या तारांकित पेशींत. कुप्फरने १८७६ मध्ये सोन्याच्या क्षाराने रंगवून पाहिल्या होत्या त्या, स्टेलेट सेल. एरवी निवांत व्हिटॅमिन ए चे थेंब सांभाळत बसलेल्या असतात. इजा झाली, टीजीएफ-बीटा हा निरोप्या रेणू सुटला, की व्हिटॅमिन टाकून देतात आणि अल्फा स्मूथ मसल अ‍ॅक्टिन बनवायला लागतात, कोलॅजेन ओततात, आकसायला शिकतात. या रूपाला मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात, जखम भरताना ती आकसते कशी हे शोधताना गॅब्बियानी आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये पहिल्यांदा वर्णन केलेली हीच जात. आणि मग दुष्टचक्र, कोलॅजेनने लिव्हर कडक होतं, कडकपणामुळे खेच वाढते, खेचीमुळे अजून अ‍ॅक्टिन, अजून आकसणं.

आता मला एक सांगा, तुमच्या अ‍ॅक्टिनच्या अँटिबॉडीचा क्लोन, म्हणजे नेमका वाण, कोणता? बाटलीवर बघून सांगा. अंदाजाने नको.

निळी_शाई

बाटलीवर नुसतं "अ‍ॅक्टिन" लिहिलंय, क्लोन बघते उद्या लॅबमध्ये. पण वजन बरोबर ४२ किलोडाल्टनला येतंय की बँड.

रात्रपाळी

येणारच, सस्तन प्राण्यांत अ‍ॅक्टिनचे सहा भाऊ आणि सगळे त्याच वजनाचे, बीटा आणि गॅमात तर फक्त चार अमिनो आम्लांचा फरक. ब्लॉटवर ते एकावर एक बसतात. म्हणूनच क्लोन विचारला.

घरचा_अभ्यास

मी विज्ञानाचा नाही त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. घरातल्या एका ज्येष्ठांच्या लिव्हर बायोप्सीत "मॅलरी" असा शब्द आलाय आणि मी गेले चार दिवस झोपलो नाहीये, आता इथे वाचलं तर गोळे काय दोरखंड काय, म्हणजे हे कायमचं का? आणि ते दारू पीत नाहीत हो, आयुष्यात घेतली नाही त्यांनी, मग दारूवाल्यांचं हे त्यांच्यात कसं आलं, डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो की ते खोटं बोलतायत असं समजतील.

काचपट्टी

अहो आधी झोपा. मॅलरीने दारूच्या लिव्हरमध्ये बघितले म्हणून ते दारूचे होत नाहीत. चरबीमुळे सुजलेल्या लिव्हरमध्ये दिसतात, पित्ताचा निचरा नीट होत नसेल अशा जुन्या आजारांत दिसतात, तांबं साठण्याच्या विल्सन आजारात दिसतात, लिव्हरच्या काही गाठींतही दिसतात. त्यावरून पेशीवर बराच काळ ताण होता एवढंच कळतं, ताण कशाचा होता ते त्या गोळ्यावर लिहिलेलं नसतं. कोणत्याही डॉक्टरांना हे ठाऊक असतं, बेधडक विचारा.

कायमचं का, तर उंदरांत तरी नाही. डीडीसी बंद केलं की काही आठवड्यांत गोळे विरघळत जातात. पण खोटं आश्वासन नको म्हणून पुढचंही सांगते, त्याच उंदरांना पुन्हा ते खाणं दिलं तर पहिल्या वेळी जे व्हायला दोन-तीन महिने लागले ते आता काही दिवसांत होतं. बाहेरून साफ दिसणाऱ्या पेशीला जुनी इजा आठवत असते. माणसाच्या रिपोर्टचा अर्थ मात्र पूर्ण बायोप्सी आणि रक्ताचे रिपोर्ट बघितलेल्या डॉक्टरांकडूनच घ्या, माझ्यासारख्या टोपणनावाच्या बाईकडून नको.

घरचा_अभ्यास

खूप आभार ताई. उद्या विचारतो. एक अजून, रक्तातून नाही का कळत हे, परत परत सुई टोचायला नको.

काचपट्टी

थोडंफार. पेशी ठरवून मरते तेव्हा कॅस्पेस नावाची कात्री केरॅटिन १८ ला ठरलेल्या जागी कापते आणि तो तुकडा रक्तात येतो. एम३० म्हणून अँटिबॉडी आहे ती फक्त कापलेलाच तुकडा ओळखते, एम६५ मात्र कापलेलं न कापलेलं सगळं धरते. चरबीच्या लिव्हरमध्ये सूज किती याचा अंदाज घ्यायला यावर भरपूर काम झालंय. पण केरॅटिन १८ आतडं, फुप्फुस सगळीकडच्या अस्तरात असतं, त्यामुळे तुकडा कुठून आला हे रक्त सांगत नाही. बायोप्सीची जागा घेईल असं नाही.

एक_डाव_भुताचा

मला जरा वेगळं मांडायचंय, सगळेच जण "संरक्षण संरक्षण" करतायत. मेंदूचं उदाहरण घ्या. जीएफएपी हे प्रोटीन मुळात एंग आणि सहकाऱ्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या जुन्या चट्ट्यांतून वेगळं काढलं, १९७१ चा पेपर, म्हणजे इजेच्या जागीच त्याचा इतका ढीग असतो की तिथूनच मिळालं. मार बसला की तारकापेशी जीएफएपी आणि व्हायमेंटिन (सांगाड्यातलंच अजून एक धाग्याचं प्रोटीन) दोन्ही वाढवतात आणि व्रण तयार करतात, आणि त्या व्रणातून चेतातंतू परत वाढत नाहीत. दोन्ही जीन काढून टाकलेल्या उंदरांत व्रण सैल होतो आणि तुटलेली जोडणी परत यायला मदत होते. मग वाढलेला सांगाडा चांगला कसा? तिथे तो अडथळाच आहे की.

रात्रपाळी

अर्धं बरोबर. तेच दोन जीन नसलेले उंदीर घेऊन मेंदूचा रक्तपुरवठा बंद केला तर त्यांच्यात मेलेला भाग मोठा निघतो. म्हणजे पहिल्या काही दिवसांत त्या भिंतीने आग पसरू दिली नसती, आणि नंतर महिनोन्‌महिने तीच भिंत रस्ता अडवून बसली असती. एकच प्रोटीन, एकच वाढ, फक्त तारीख वेगळी.

एक_डाव_भुताचा

मान्य. पण मग "वाढलंय" या शब्दाला एकट्याने काही अर्थच राहत नाही. कधी मोजलं ते सांगितल्याशिवाय आलेख छापूच नये.

रात्रपाळी

भांडायला आलो होतो, आता सहमत व्हावं लागतंय :) कधी मोजलं याला किती किंमत आहे ते बघा, जीएफएपी डोक्याला मार बसल्यावर तासाभरात रक्तात दिसायला लागतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डोक्याच्या सौम्य इजेसाठी पहिली रक्तचाचणी मंजूर केली ती याच प्रोटीनवर आणि चेतापेशीतल्या यूसीएच-एल१ वर, सीटी स्कॅनची खरंच गरज आहे का हे ठरवायला, तेही मार लागल्यापासून १२ तासांच्या आत. पण इथे एक गल्लत करू नका हां, तासाभरात रक्तात जे येतं ते फुटलेल्या पेशीतून सांडलेलं जुनंच प्रोटीन. नव्याने बनवून वाढवलेलं जीएफएपी पुढचे कित्येक दिवस चढत राहतं. सांडणं वेगळं, बनवणं वेगळं. हृदयाच्या झटक्यात ट्रोपोनिन मोजतात तेही सांडलेलंच, स्नायूच्या यंत्रणेतला तुकडा.

सुतळी_बाँब

त्वचेचं कोणीच बोललं नाही म्हणून थोडक्यात. जखमेच्या कडेला केरॅटिन ६, १६, १७ काही तासांत उगवतात, आणि नेहमीचे १ आणि १० मागे पडतात, म्हणजे घट्ट विणीऐवजी सरकता येईल अशी वीण. सोरायसिसमध्ये हीच आणीबाणीची जोडी कायम चालू राहते. आणि तळहात-तळपायावर, नखाखाली ती एरवीही असते, कारण तिथे रोजच घर्षण.

किडनीत तर अजून मजा. नलिकांच्या प्रौढ पेशीत व्हायमेंटिन नसतं. रक्तपुरवठा तुटून परत आला की आधी पेशीच्या वरच्या कडेचा ब्रश, अ‍ॅक्टिनचाच बनलेला, झडतो, सोडियम-पोटॅशियम पंप आपली जागा सोडून भलत्याच भिंतीवर जाऊन बसतो, आणि मग वाचलेल्या पेशी पोरवयात गेल्यासारख्या व्हायमेंटिन बनवतात, पसरतात, विभागतात, उघडी पडलेली भिंत झाकतात आणि काम झालं की व्हायमेंटिन बंद. बंद झालं नाही तर समजायचं दुरुस्ती कुठेतरी अडकलीये.

गोगलगाय_पोटात_पाय

हृदयाबद्दल एक इशारा. दाब वाढला की उंदराच्या हृदयात अल्फा मायोसिन (स्नायू आकसवणारं प्रोटीन) कमी होऊन गर्भातलं बीटा मायोसिन परत येतं, हे पाठ्यपुस्तकात असतं. माणसाच्या मोठ्या कप्प्यात मुळातच बीटाचं राज्य, त्यामुळे तो "बदल" माणसात तसा नाट्यमय नसतो. प्रेझेंटेशनमध्ये हे बोलून बसले होते आणि समोरच्याने शांतपणे विचारलं, "कोणाचं हृदय?" अजून आठवलं की कानशिलं तापतात.

रात्रपाळी

निळी_शाई, बाटली बघितली का? आणि अजून एक, लिव्हर कुठल्या बफरमध्ये कुटता?

निळी_शाई

ट्रायटन (सौम्य साबण) घातलेल्या नेहमीच्या बफरमध्ये, मग फिरवून वरचं पाणी घेते.

रात्रपाळी

आणि खालचा गोळा?

निळी_शाई

...फेकते.

रात्रपाळी

अहो केरॅटिन त्या गोळ्यात आहे!! ट्रायटनमध्ये ते विरघळत नाही, थोडाच अंश वर येतो. आणि हा थोडा अंश ताणाखाली बदलतो, कारण केरॅटिनवर फॉस्फेट चढतात, पी३८ वगैरे किनेज नावाची एन्झाइम ते चढवतात, आणि फॉस्फेट चढलेलं केरॅटिन जाळ्यातून सुटून जास्त विरघळतं. म्हणजे तुम्हाला वरच्या पाण्यात जे "वाढलेलं" दिसलं त्यातलं काही नवीन बनलेलं नसून जुनंच सैल झालेलं असू शकतं. सगळी ऊती थेट गरम एसडीएस (कडक साबण) बफरमध्ये टाका आणि एकूण मोजा, हवं तर विरघळणारं आणि न विरघळणारं वेगळं करून दोन्ही लावा.

तिरपागडे

म्हणजे चार महिने खजिना कचऱ्यात आणि तिजोरीत रिकामी पिशवी. मी साहेबांविषयीचे माझे शब्द मागे घेतो, जगात मोठी दुःखं आहेत.

काचपट्टी

@तिरपागडे छळू नका पोरीला. आमच्या वेळी आम्ही काय काय फेकलंय ते विचारू नका. एमआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायची जीनकडून आलेली चिठ्ठी, पण बघणार असलीस तर लक्षात ठेव, केरॅटिनचं प्रोटीन बरंच टिकतं, त्यामुळे एमआरएनए उतरल्यावरही प्रोटीन चढलेलंच दिसेल. जुळलं नाही म्हणून घाबरू नकोस.

निळी_शाई

तीन आठवड्यांनी परत आलेय, उशिराबद्दल माफी.

बाटली: क्लोन सी४. शोधलं तर तो अ‍ॅक्टिनचे सगळेच भाऊ ओळखतो, त्यात अल्फा स्मूथ मसलवालाही आला. म्हणजे मी लोडिंग कंट्रोल म्हणून इतके दिवस लिव्हरचा फायब्रोसिसच (व्रण होऊन कडक होणं) मोजत होते! मग फक्त बीटा ओळखणारा एसी-१५ क्लोन उसना आणला, फरक बराच कमी झाला पण पूर्ण गेला नाही, बीटाही थोडं चढतंच. शेवटी अ‍ॅक्टिनला रामराम केला आणि पडद्यावर पाँसो रंग देऊन पूर्ण लेनचं एकूण प्रोटीन घेतलं, त्या हिशोबाने भागलं. लेन सगळ्या सारख्या, हात शाबूत.

गंमत अशी की फुगलेल्या अ‍ॅक्टिनने भागत होते म्हणून केरॅटिन ८ ची वाढ मला आतापर्यंत कमी दिसत होती. आता गरम एसडीएसमध्ये सगळं विरघळवून लावलं तर वाढ चांगली ठसठशीत आहे, आणि १८ पण वाढलंय, पण ८ इतकं नाही. काचपट्टीताई, स्लाइडसाठी तुकडा ठेवलाय, गडद आणि रिकाम्या पेशी शेजारी शेजारी दिसतायत, अगदी तुम्ही म्हणाला होतात तशा. फोटो सरांना दाखवला. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "जुने ब्लॉट कुठे ठेवलेस?" म्हणजे आता मागचे सगळे परत करायचे.

घरचा_अभ्यास

ताई, विचारलं डॉक्टरांना. दारूचा विषयही काढला नाही त्यांनी, साखर आणि वजनाचंच बोलले. मी झोपतोय आता नीट.

रात्रपाळी

@निळी_शाई, परत करताना जुने सँपल एकदा वितळवून पुन्हा गोठवलेले असतील तर ते वापरू नका, नवीन तुकड्यापासून सुरू करा. आणि खालचा गोळा जपून ठेवा.